भाव चढता, बेरीज उतरती

ज्या दिवशी भाव आदल्या दिवसापेक्षा वर बंद झाला, त्या दिवशी जेवढ्या शेअरची उलाढाल झाली तेवढा आकडा बेरजेत मिळवायचा. खाली बंद झाला, तर तेवढा वजा करायचा. भाव होता तिथेच राहिला, तर बेरीजही तशीच ठेवायची. मग ती आलेखाच्या कागदावर ठिपक्याने मांडायची आणि रोजचे ठिपके जोडत जायचे. पद्धत एवढीच होती. इंग्रजीत तिला मोठं नाव होतं. मी आपलं तिला 'बेरीज' म्हणायचो, आणि पुढे घरातल्यांनीही तोच शब्द धरला.

नव्वदीच्या सुरुवातीची ती तेजीची वर्षं. मी पनवेलच्या कॉलेजात वाणिज्य शाखेला होतो. आमचं गाव उरणच्या बाजूला, जासईच्या पुढे. रोज एसटीने यायचो. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मीच पहिला, त्यामुळे कॉलेजात कोणाला काय विचारायचं असतं आणि काय नसतं हे मला कळत नसे, आणि बहुतेक वेळा मी काहीच विचारत नसे. पण संख्याशास्त्राचे सर तास संपल्यावर वाचनालयात बसून आलेखाच्या कागदावर काहीतरी काढत बसायचे, ते पाहून मला राहवलं नाही. मी विचारलं. त्यांनी मला शेजारी बसवून घेतलं.

"भाव म्हणजे सभेत बोलणारा माणूस," ते म्हणाले, "आणि उलाढाल म्हणजे समोर बसलेली माणसं. बोलणाऱ्याचा आवाज चढत चाललाय आणि समोरची माणसं एकेक उठून जातायत, असं कधी पाहिलंयस?"

मी पाहिलं होतं. जमिनी जाऊ नयेत म्हणून आमच्या गावात ज्या सभा झाल्या, त्यातल्या शेवटच्या दोन-तीन तशाच होत्या.

जमिनी गेल्याच, सरकारने प्रकल्पासाठी घेतल्या. आमचं मिठागर गेलं आणि खाजणातली, खाडीकाठची भाताची जमीनही गेली. ती तिघांच्या नावावर होती: माझे बाबा, त्यांचे थोरले भाऊ म्हणजे माझे काका, आणि या दोघांहून मोठी आत्या, जी उरणपलीकडे मोरा बंदराला दिली होती. मोबदला आला, त्यातला बराचसा घर दुरुस्त करण्यात आणि काकांच्या मुलीच्या लग्नात गेला. जो उरला तो बँकेत ठेवायचा की काय करायचं, यावर काका आणि बाबा बरेच दिवस बोलत होते. तेव्हा पनवेलच्या बाजारात एका कापडाच्या दुकानाच्या माडीवर शेअरच्या दलालाची खोली होती. काकांच्या ओळखीचे बरेच लोक तिथे जात. काका गेले आणि सगळी रक्कम एका सिमेंट कंपनीच्या शेअरमध्ये घालून आले.

दलालाने विचारलं होतं, "कोणाच्या नावावर घ्यायचे?"

काका म्हणाले होते, "सातबाऱ्यावर हायत ती तिनी नावं लावा."

"तीन चालतात," दलाल म्हणाला होता. एवढंच. पुढचं त्याने सांगितलं नाही, काकांनी विचारलं नाही. काकांना त्यात फार मोठं समाधान वाटलं होतं. घरी येऊन ते बाबांना म्हणाले, "आता कोनी कोनाला बोलू शकनार नाय. जमिनीवर तिघं, कागदावर पन तिघं." शेअरचे कागद कोणी सांभाळायचे यावरून भावाभावांत कटकट नको, म्हणून ते आत्याकडे ठेवायला दिले. ती सगळ्यांत मोठी. तिच्यावर दोघांचाही विश्वास होता.

मिठागर गेल्यापासून बाबांना धड काम नव्हतं. कधी बांधकामावर, कधी बंदराकडे माल उतरवायला जायचे. त्यांच्या मनात एकच गोष्ट होती, गाळा. पनवेलला एसटी स्टँडपासून जवळच एक नवीन इमारत उभी राहत होती, तिच्या तळमजल्यावर दुकानाचे गाळे होते. बाबांनी त्यातल्या एका लहान गाळ्याचा बयाणा दिला होता. तिथे ते मीठ, तांदूळ आणि सुकी मासळी विकणार होते. बाकीचे पैसे स्लॅब पूर्ण झाला की द्यायचे, असं बिल्डरशी ठरलं होतं, आणि ते पैसे शेअरमधून यायचे होते. काकांनाही ते मान्य होतं. गाळा बाबांचा, आणि पुढे जमिनीच्या बदल्यात सरकारकडून विकसित भूखंड मिळेल तेव्हा तो काकांचा, अशी वाटणी त्यांनी आपसांत केली होती; आत्याने वाटा मागितला नव्हता.

एकदा बाबा मला तो गाळा दाखवायला घेऊन गेले. नुसत्या विटांच्या भिंती होत्या. आत सेंट्रिंगचे बांबू उभे होते. बाबा वाकून आत शिरले आणि हाताने दाखवू लागले, "इकडं गोनी. इकडं वजनकाटा. सुकट दाराशी नाय ठेवायची, वास मारतो, गिऱ्हाईक पलतं."

"मग कुटं ठेवायची?" मी विचारलं.

"मागं. ज्याला पायजे तो वासावर येतोच आत."

असं म्हणून ते स्वतःच हसले. मिठागर गेल्यानंतर ते असे हसलेले मला फारसे आठवत नाहीत.

शेअरचा भाव वाढत होता. मी कॉलेज सुटल्यावर कधीकधी दलालाच्या माडीवर जायचो. टेलिफोनवर मुंबईहून भाव आले की दलाल ते फळ्यावर खडूने लिहायचा आणि बाकांवर बसलेली माणसं गलका करायची. दलाल मनाने वाईट नव्हता, थट्टेखोर होता. मी दिसलो की म्हणायचा, "या प्रोफेसर! तुमच्या कागदावर काय उगवलंय आज?"

मी कागद दाखवला तर सगळ्यांना दाखवायचा. "बघा, आमच्याकडे आता डॉक्टर आलेत. कार्डिओग्राम काढतात शेअरचा."

कोणीतरी म्हणे, "मग पेशंट कसा आहे?"

"पेशंट धावतोय, डॉक्टरच झोपलेत."

मी हसायचो. खरं तर तेव्हा माझ्या कागदावरही सगळं ठीकच होतं. भाव वर, बेरीजही वर. उलाढालीचा आकडा मी वाचनालयातल्या आर्थिक वर्तमानपत्रातून घेत असे. सगळ्याच कंपन्यांचा तो छापून येत नसे, आमच्या सिमेंटवाल्या कंपनीचा यायचा. सरावासाठी मी आणखी दोन कंपन्या निवडल्या होत्या.

मग हळूहळू ते दिसायला लागलं. भाव वर जायचा त्या दिवशी उलाढाल थोडी असायची. भाव जरासा खाली यायचा त्या दिवशी उलाढाल भरपूर. त्यामुळे भावाची रेघ चढत राहिली, आणि तिच्याखालची बेरजेची रेघ आधी सपाट झाली, मग उतरू लागली. मला वाटलं माझंच चुकलं. मी सगळी बेरीज पहिल्यापासून पुन्हा केली. एके ठिकाणी हातचा विसरलो होतो, तो धरला, तरी रेघ उतरतच होती.

सरांनी कागद बराच वेळ पाहिला. "घेणारे थकत चाललेत असं दिसतंय," ते म्हणाले. "मोठ्या हातातून माल निघतोय आणि लहान हातांत जातोय, असंही असू शकेल."

"म्हणजे भाव पडणार का सर?"

"ते हे सांगत नाही. पडेल की नाही, आणि पडला तर केव्हा, हे या रेघेला ठाऊक नसतं. सभेतून माणसं उठतात, तरी बोलणारा आणखी तासभर बोलू शकतो." मग म्हणाले, "माझे असते तर मी विकले असते. पण ते माझे नाहीत रे."

रेघेबद्दल ते म्हणाले ते खरंच होतं, कारण माझ्या सरावाच्या दोन कंपन्यांपैकी एकीची बेरीज कधीपासून उतरत होती आणि तिचा भाव मात्र मजेत चढतच होता. हे मला माहीत होतं. माहीत नसतं तर बरं झालं असतं, असं पुढे कितीदा तरी वाटलं.

मी घरी सांगितलं. रविवार होता, काका आणि बाबा ओटीवर बसले होते. काकांनी कागद उलटासुलटा केला. "भाव वर चाललाय न तुजा कागद बोलतो खाली. कॉलेजला पाठवला तो याच्यासाटी?"

"काका, भाव खोटा नाय. पन त्याच्या मागं घेनारे कमी हायत."

"कमी हायत तर वर कोन नेतो? भूत?"

मग एकदम मिठागर आठवलं. मी म्हटलं, "खाडीला भरती दिसते, पन उघाडीतून पानी आत येतं का नाय ते तुमी वेगलं बघायचे ना? तसं हे."

काकांनी हात झटकला. बाबांनी मात्र कागद हातात घेतला आणि खालच्या रेघेवरून बोट फिरवलं. भरतीच्या वेळी उघाडीचं दार वर करून खाजणात किती पाणी आलं, हे बघण्यात त्यांचं अर्धं आयुष्य गेलं होतं. "म्हंजे बाहेर पानी चढलेलं दिसतंय," ते म्हणाले, "पन कोंडीत शिरत नाय. उलटं आतलं बाहेर चाललंय."

"हो."

"मग मीठ धरनार नाय." ते काकांकडे वळले. "दादा, विकून टाकू. गाल्यापुरतं झालंय आता. जास्तीचं काय करायचंय?"

काका थोडा वेळ कुरकुरले, आणि मग चक्क तयार झाले. मला खरं वाटेना. घरात माझ्या शिक्षणाचं कोणी काही ऐकलं, असं पहिल्यांदाच घडत होतं.

दुसऱ्या दिवशी काका, बाबा आणि मी दलालाच्या माडीवर गेलो. दलाल म्हणाला, "विका की. कागद आणा, आणि हा फॉर्म. तिघांच्या सह्या लागतील."

"तिघांच्या?" काकांनी विचारलं.

"नावं तीन, तर सह्या तीन. एक जरी नसली तर मुंबईवाले घेत नाहीत. बहिणीचा अंगठा आहे ना तुमच्या? मग तो मॅजिस्ट्रेटसमोर उठवायचा. त्यांचा शिक्का लागतो. घेताना नव्हता का मी घेतला करून?"

काका माझ्याकडे बघून म्हणाले, "जमिनीला पन असंच होतं." त्यांच्या मते ही चांगलीच गोष्ट होती. एकट्याला विकता येत नाही, म्हणजे कोणी कोणाला फसवू शकत नाही. त्याच दिवशी काकांनी आणि बाबांनी जपून जपून सह्या केल्या, आणि मला मोऱ्याला पाठवलं. बाबा म्हणाले, "तूच जा. तू समजावून सांगशील."

आत्याचं घर धक्क्यापासून जवळ होतं. अंगणात बोंबील वाळत घातलेले. तिने मला बसवलं, चहा दिला, आईची विचारपूस केली. मी फॉर्म काढला तशी तिने पदराला हात पुसले आणि फॉर्मपासून जरा मागे सरकून बसली.

"अंगठा पायजे?"

"हो आत्या. पनवेलला तहसील कचेरीत यायचं. मी नेतो तुला."

"एकदा दिला अंगठा," ती म्हणाली. "साहेब बोलला, आजी, हितं ठेवा, पैसं भेटतील. ठेवला. पैसं आलं न मिठागर गेलं. माज्या बापाचं होतं."

"आत्या, हे तसं नाय. शेअर घेताना पन दिला होतास ना अंगठा?"

"घेताना दिला तवा कागद घरात आला. आता दिला की कागद जानार. मना येवढं कलतं."

मी तिला सगळं सांगितलं. गाळ्याचं सांगितलं. भाव कुठून कुठे गेला ते सांगितलं. मग तिने स्वतःहूनच विचारलं, "तू कागदावर कायतरी काडतस म्हनं. तुज्या बापानं निरोप दिला. दाखव."

मी आलेख जमिनीवर पसरला. ती वाकून बघत राहिली. तिला दोन्ही रेघा स्पष्ट दिसल्या. "ही वर जाते," ती बोटाने दाखवत म्हणाली. "ही खाली जाते. मग खरी कुठची?"

या एका प्रश्नावर सगळं अवलंबून होतं आणि मला ते कळत होतं. 'खालची खरी' एवढं म्हटलं असतं तर ती बहुतेक उठली असती आणि लुगडं बदलून माझ्याबरोबर निघाली असती. पण माझ्या सरावाच्या त्या कंपनीची बेरीज उतरत असताना तिचा भाव अजूनही चढत होता. उद्या आमचाही तसाच चढत राहिला आणि मी आत्याला तिच्या बापाचा शेवटचा कागद विकायला लावला, असं झालं तर? मी शिकत होतो ते हेच होतं ना, की जेवढं आकड्यात आहे तेवढंच बोलायचं?

"आत्या, मना खातरीनं सांगता येत नाय," मी म्हटलं. "दोन्ही खऱ्या हायत. पन खालची बघून भीती वाटते."

"तुलाच खातरी नाय." ती रागावली नव्हती. तिने आलेखाची घडी घातली आणि माझ्या हातात दिली. "तू शिकलेला. तुलाच ठावं नाय, न मी अडानी अंगठा देऊ? तुज्या बापाला सांग, जरा थांब. भाव वर चाललाय तर जाऊ दे वर."

मी परत आलो. बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "बरं." काका म्हणाले, "तिचं पन चूक नाय." मग काका स्वतः एकदा जाऊन आले, तरी ती हलली नाही. मधल्या काळात भाव आणखी वर गेला. दलालाच्या माडीवर मी गेलो तर तो ओरडला, "प्रोफेसर, वाचलात! तुमच्या आत्याबाईंना इथे आणून बसवा, माझ्या खुर्चीवर." सगळी माडी हसली. आत्याचं बरोबर ठरत होतं, आणि मला त्याचा आनंदच व्हायला हवा होता. मी रोज कॉलेजातून आकडे उतरवून आणत होतो, बेरीज करत होतो, ठिपका मांडत होतो. बेरीज उतरत होती. त्या ठिपक्यांचं करायचं काय, हे मला कळत नव्हतं. दुरून घरावर काहीतरी पांढुरकं दिसावं आणि तो धूर आहे की धुकं, हेही ठरवता येऊ नये, तसं काहीतरी.

पुढे भाव पडायला लागला. एकदम नाही. आधी थोडा, मग पुन्हा चढला, मग पडतच गेला. दलालाची माडी हळूहळू शांत झाली. फळ्यावर आकडे असायचे, बोलायचं कोणी नाही.

आत्याला कोणी कळवलं ठाऊक नाही. एके सकाळी ती आपणहून पनवेलच्या स्टँडवर उतरली. एका हातात कागदांची पिशवी, दुसऱ्या हातात आमच्यासाठी आणलेले बोंबील. सरळ माझ्या कॉलेजच्या फाटकाशी येऊन उभी राहिली. शिपाई तिला आत सोडेना. मी धावत गेलो. "चल," ती म्हणाली, "कुठं द्यायचा अंगठा, तिथं चल."

त्या दिवशी तहसील कचेरीतले साहेब दौऱ्यावर होते. पुन्हा आलो तेव्हा होते. त्यांच्यासमोर तिने अंगठा उठवला, शिक्का झाला. शाई पुसायला चिंधी दिली तर घेतली नाही, तसाच काळा अंगठा घेऊन मोऱ्याची बस पकडली. कागद मुंबईला गेले आणि परत आले. अंगठा कोणाचा, हे त्याखाली लिहायचं असतं, ते कारकुनाने लिहिलं नव्हतं. ते करून पुन्हा पाठवले. तोवर विकायला सगळे होते आणि घ्यायला फार थोडे. शेवटी विकले गेले, ते जवळजवळ ज्या भावाने घेतले होते त्या भावाला; गाळ्याचे पैसे त्यातून भागणार नव्हते.

स्लॅब केव्हाच पूर्ण झाला होता. बाबा मला बरोबर घेऊन बिल्डरकडे गेले. मला वाटलं ते मुदत मागतील. त्यांनी मागितलीही, पण इतक्या हळू आवाजात, की बिल्डरला पुन्हा विचारावं लागलं, "काय म्हणता?" बिल्डर म्हणाला, गाळ्याला दुसरं गिऱ्हाईक आहे, रोख देतंय. बयाणा खरं तर परत मिळत नाही, पण तुमच्याकडे बघून अर्धा देतो. मी काहीतरी बोलायला गेलो, करारात असं असतं, तसं असतं. बाबांनी माझ्या हातावर हात ठेवला.

"ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "देतायत ते घे."

बाहेर आल्यावर आम्ही स्टँडवर उरणच्या बसची वाट बघत बसलो. मग बाबा म्हणाले, "आक्काला सांगू नको गाला गेला म्हनून."

"ती विचारनार."

"विचारलं तर सांग, मीच नको बोललो. गाल्यात दिवसभर बसून माज्याच्यानं होनार नाय, असं सांग."

"बाबा, खोटं..."

"ती अंगठ्याला दोष देत बसेल रे मरेपर्यंत. तिचा काय दोष?"

मग मी मोऱ्याला गेलो. आत्याने विचारलंच, दारातच विचारलं. बाबांनी शिकवलं होतं तसंच मी सांगितलं. तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं. मला वाटलं ओळखलं हिने. पण तिचा चेहरा एकदम सैल झाला. "बरं झालं," ती म्हणाली. "तो लहानपनापासून उनात, वाऱ्यात. चार भिंतीत त्याचा जीव गुदमरला असता. मना तर आधीपासून पसंत नव्हता तो गाला." मग बाबा लहानपणी मिठाच्या राशीवरून कसे घसरत यायचे, ते ती मला हसून हसून सांगू लागली.

बाबा तेव्हा बंदराच्या रस्त्याला एका यार्डात माल उतरवायला जात होते. पनवेलला काही काम निघालं, की त्या इमारतीच्या समोरच्या बाजूने जायचं टाळत आणि मागच्या बोळातून स्टँड गाठत. हे मी तिला सांगू शकलो असतो. तिने चहा ओतून दिला. मी तो प्यालो आणि ती जे जे म्हणाली त्याला हो म्हणत राहिलो.